सैंधवाची डबी

आधी एक गोष्ट सांगून टाकते, मी मल्याळी नाही. माझं नाव प्रीता लोखंडे, गाव मिरज, आणि मराठी ही माझ्या आईची, आजीची आणि मिशन कंपाउंडातल्या समस्त भांडखोर शेजारणींची भाषा. पण इथे अमेरिकेत, एडिसनला, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, तुम्ही काय करता, आणि मी म्हटलं की नर्स आहे, की समोरची बाई लगेच म्हणते, "अय्या, म्हणजे तुम्ही केरळच्या?" अहो बाई, आत्ता इतका वेळ मी तुमच्याशी अळूवडीच्या सारणावर बोलत होते, ते काय मल्याळममध्ये?

हॉस्पिटलात याच्या बरोबर उलटं. तिथे मी सगळ्या भारताची. पेशंट गुजराती असो, पंजाबी असो, तेलुगू असो, हाक एकच, "प्रीता!" मला तेलुगू येत नाही हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता सांगायचीही लाज वाटते. दुभाष्याशी बोलायला निळा फोन आहे, चाकांच्या स्टँडवर ठेवलेला, हवी ती भाषा मागा. तो कोपऱ्यात धूळ खातो आणि मी पळते. तोवर माझ्या स्वतःच्या पेशंटांच्या घंटा वाजत राहतात. मग वर्षाच्या शेवटी माझ्याबद्दल लिहून येतं की प्रीता पुष्कळदा जागेवर सापडत नाही. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

आमचा मजला हृदयाच्या पेशंटांचा. खाटेपाशी सगळं जग आहे. फिलिपिनो आहेत, हैतीच्या आहेत, केरळच्या खरोखरच्या मल्याळी आहेत, आणि मराठी मी एकटी. पण लिफ्टसमोरच्या भिंतीवर मोठ्या पदांवरच्या लोकांचे फोटो लावलेत, तिथे बघावं तर सगळे एकाच रंगाचे. खाली इतके रंग आणि वर पोचेपर्यंत सगळे धुऊन जातात की काय, कोण जाणे.

योलांडा माझ्या कितीतरी आधीपासून या मजल्यावर आहे. ब्लॅक, ट्रेंटनची, उंच, बोलणं हळू आणि चालणं त्याहून हळू. मी नवीन आले तेव्हा डॉक्टरला फोन करताना खुर्चीवरून उठून उभी राहायचे. मिरजेची सवय, डॉक्टर म्हटलं की उभं राहायचं. योलांडाने एकदा खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "त्याला तू फोनमधून दिसत नाहीस," म्हणाली. त्या दिवसापासून ती माझी.

तिने चार्ज नर्सच्या जागेसाठी, म्हणजे शिफ्टच्या मुख्य नर्सच्या जागेसाठी, तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. काम उत्तम आहे, पण लोकांना तुझ्याजवळ मोकळं वाटत नाही. या खेपेला जागा निघाली तेव्हा ती म्हणाली, "मी आता पुरे. तू भर." मी भरला. गुरुवारी मुलाखत होती.

आणि मला ती जागा हवी होती. उगाच नाक मुरडून खोटं का बोलू? पगार फारसा वाढत नाही. पण कुठला पेशंट कुणाकडे, हे फळ्यावर चार्ज नर्स लिहिते. तो मार्कर मला हवा होता. एकदा तो हातात आला की "इंडियन पेशंट, प्रीता" हे बंद आणि निळ्या फोनवरची धूळ साफ.

मंगळवारी सकाळी आले तर फळ्यावर अकरा नंबरच्या खोलीसमोर योलांडाचं नाव पुसून माझं लिहिलेलं.

लिंडा, आमची नर्स मॅनेजर, फळ्याजवळच उभी होती. लिंडा स्वभावाने वाईट नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर भांडता आलं असतं.

"अकरामधल्या कुटुंबाला भारतीय नर्स हवी आहे," ती म्हणाली. "भाषेमुळे."

"तो पेशंट पन्नास वर्षं अमेरिकेत आहे," मी म्हटलं. "मोठ्या कंपनीतला इंजिनिअर होता. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"त्यांना योलांडाबरोबर मोकळं वाटत नाही."

"का?"

"प्रीता," लिंडाने आवाज खाली आणला, "प्रत्येक गोष्टीवर लढायचं नसतं. गुरुवार आलाय तुझा. पेशंटला काय हवं ते बघणारी माणसं आम्हाला हवी आहेत."

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, ते लिंडाकडून शिकावं. कातडीचा रंग नको झालाय, हे तिला कळत होतं, मला कळत होतं आणि तिथे उभ्या असलेल्या मेगनलाही कळत होतं. मेगन आमची तरुण, गोरी, गोड स्वभावाची नर्स. ती बिचारी बुटांकडे बघत राहिली. आणि मी? मी गुरुवारकडे बघितलं आणि हो म्हटलं.

योलांडाने मला पेशंट सोपवला तो खोलीबाहेरच, कारण तिने आत येऊ नये अशी विनंती झाली होती. चेहऱ्यावर काही नाही. "वजन रोज वाढतंय," ती म्हणाली. "पाणी काढायचं औषध दुप्पट केलं तरी पाय सुजलेलेच. डॉक्टर म्हणतात, हृदयच थकलं असेल. मला तसं वाटत नाही. बायको घरून जेवण आणते. इथल्या आळणी जेवणाला तो हातही लावत नाही. तिच्या पर्समध्ये एक छोटी स्टीलची डबी आहे, त्यातलं काहीतरी ती त्याच्या ताटात घालते. मी विचारलं, हे काय आहे? डॉक्टरांना दाखवूया का? दुपारपर्यंत मी उद्धट ठरले."

"मी लिंडाला परत सांगते. मी नाही घेत."

"घे," ती म्हणाली. "कुणीतरी त्या डबीवर लक्ष ठेवायला हवं. माझा मान नंतर बघू, आधी त्याचे पाय."

मी आत गेले. खाटेवर मोरेश्वर काका, ऐंशीच्या घरातले, गोरे, दमलेले, पाय उशीवर. शेजारी खुर्चीत वीणा काकू. मी मराठीत "नमस्कार काका" म्हटल्याबरोबर काकूंनी टाळीच वाजवली.

"अगंबाई, तू मराठी! अहो, ऐकलंत का? आपली मुलगी मिळाली! हुश्श. कालच्या त्या बाईने जीव नकोसा केला होता बघ. सारखी नजर ठेवून! माझ्या पर्समधल्या डबीलासुद्धा हात लावायला बघत होती. ह्या लोकांचं काही सांगता येत नाही गं."

"कुठल्या लोकांचं काकू?"

"अगं, तुला माहिती आहे."

मला माहिती होतं. ब्लडप्रेशरचा पट्टा काकांच्या दंडाला गुंडाळताना माझे कान तापले होते. पण खोलीत पेशंट असतो, तिथे गिळावं लागतं. गिळण्याचे पैसे नर्सला वेगळे मिळत नाहीत.

"माहेर कुठलं तुझं?"

"मिरज."

"अय्या, मिरज! मिरजेत कुठे?"

"मिशन कंपाउंडात. आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आईही. आम्ही ख्रिस्ती."

काकू हसतच होत्या, पण हसू जरा जागेवर थांबलं. "हो का? पण मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

'तू'चं 'तुम्ही' झालं म्हणजे मान वाढला असं कुणी समजू नये. "माझी आईपण छान बोलायची," मी म्हटलं. "आणि तिची आईपण."

जेवणाच्या वेळी मी मुद्दाम खोलीतच काहीतरी करत थांबले. काकूंनी डबा उघडला. मऊ भात, वरण, दुधीची भाजी. वास असा की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. आणि मग पर्समधून ती डबी निघाली. गुलाबीसर पूड. वरणावर एक चिमूट, भाजीवर एक, भातावर आणखी एक.

"काकू, हे काय?"

"सैंधव," काकू सहज म्हणाल्या. "डॉक्टरांनी ह्यांचं मीठ बंद केलंय ना. म्हणून मी मिठाचा खडासुद्धा वापरत नाही हो. सगळं सैंधवात."

"काकू, सैंधव म्हणजे मीठच!"

"छे! उपासाला चालतं ते. उपासाला कधी मीठ चालतं का?"

आता काय करावं या बाईंचं? मला हसू आलं, रडू आलं आणि सगळ्यांत जास्त राग आला. माझ्या लहानपणी कंपाउंडाच्या भिंतीपलीकडच्या देशपांडे काकूंच्या घरी एकादशीला हेच ऐकलं होतं मी. घरात मीठ वेगळं, सैंधव वेगळं, देवाच्या लेखी वेगळं. असेल बाबा, देवाच्या लेखी असेल. काकांच्या हृदयाच्या लेखी दोन्ही एकच.

"काकू, ऐका. हे डोंगरातून काढलेलं मीठ आहे. खडा फोडला, गुलाबी दिसला, तरी मीठच. यानेच काकांच्या अंगात पाणी धरतंय. औषध पाणी काढतंय आणि तुम्ही चिमटीचिमटीने परत भरताय. आणखी काही दिवस असं चाललं तर पाणी छातीत चढेल, श्वास घेता येणार नाही त्यांना."

काकूंचा चेहरा पडला. हातातली डबी तशीच धरून बसल्या. खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची दया आली. पन्नास वर्षं त्या माणसाला रांधून घातलं, जिवापाड जपलं, आणि जपता जपताच हे. मी जरा हळू आवाजात म्हटलं, "तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही, तुमची चूक नाही."

तेव्हा काका बोलले. डोळे खिडकीकडे. "सांगितलं होतं, सिस्टर. काल त्या नर्सने विचारलं होतं. यात मीठ असू शकतं का, तपासून घेऊया का. अगदी पोलाइटली विचारलं तिने."

मी त्यांच्या पायाखालची उशी सारखी करत होते, ती थांबलेच. "पोलाइटली विचारलं? मग ती उद्धट होती अशी तक्रार गेली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी नको म्हणत होतो. पण हिला ती आवडली नव्हती. घरात शांतता हवी असते हो या वयात."

आता मात्र गिळवेना. "वा काका! तुमच्या घरातल्या शांततेसाठी तिच्या नावाला काळं? चोर सोडून संन्याशाला फाशी? तुमचे पाय वाचवायला जी धडपडत होती, तिला खोलीबाहेर काढलंत तुम्ही!"

मी डबी मागितली, काकूंनी दिली. डॉक्टरांना फोन केला, खुर्चीत बसून. नोंद केली, आणि नोंदीत पहिलं नाव योलांडाचं लिहिलं, कारण पहिली तिने पाहिली होती.

बुधवारी सकाळी काकांचं वजन उतरलं. पायांवर बोट दाबलं तर खड्डा कमी पडत होता. लिंडा जवळजवळ उड्या मारत आली. "प्रीता! ही गोष्ट उद्या मुलाखतीत सांग. तुझ्या संस्कृतीचं ज्ञान वापरून पेशंट वाचवला! अगदी हेच हवंय त्यांना."

"योलांडाने शोधलं ते. मी फक्त डबीतल्या वस्तूचं नाव सांगितलं."

"हो, पण तिच्यावर तक्रार आहे ना," लिंडा म्हणाली, आणि गेली.

दुपारी लिंडा परत आली तेव्हा मात्र चाल बदललेली. चेहरा मंगळवारचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"प्रीता, अकरा नंबर मी मेगनला देते आहे. मिसेसना जरा... तू ओरडलीस म्हणाल्या. त्यांना आता अमेरिकन नर्स हवी आहे."

"अमेरिकन? योलांडा अमेरिकन आहे. तिचे पणजोबा अमेरिकन होते!"

"प्रत्येक गोष्टीवर लढायचं नसतं, प्रीता. त्यांना तुझ्याबरोबर मोकळं वाटत नाही."

अगदी तेच शब्द. तोच खाली आणलेला आवाज. भाषेमुळे भारतीय हवी होती ना? मग आता ती भाषा कुठे गेली? हे विचारायचं होतं, ते राहिलंच. मी पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिले. तिथे योलांडा होती. मी तिला सांगितलं. तिचे खांदे हलायला लागले. हसत होती ती! मीही हसायला लागले, आणि मग मला रडू यायला लागलं.

"आता तू खरी इथली झालीस," ती म्हणाली आणि मला कागदी रुमाल दिला.

घरी जाताना गाडीत माझी लेक अनया होती, सोळा वर्षांची, तिला क्लासवरून घेतलं होतं. तिला सगळं सांगितलं. तिचं उत्तर नेहमीप्रमाणे इंग्रजीत, "मॉम, उद्या फक्त चांगली स्टोरी सांग आणि जॉब घे. बाकीचं नंतर फिक्स कर." वाईट नव्हता तिचा सल्ला. मी रात्रभर तो घोळवला. मार्कर हातात आल्यावर काय काय करता येईल. नंतर. सगळं नंतर. योलांडाचंही सगळं नंतरच राहत गेलं होतं.

गुरुवारी मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. लिंडा, भिंतीवरच्या फोटोतले एक साहेब आणि एचआरच्या एक बाई. साहेबांनीच हसून विचारलं, "ती मिठाची गोष्ट ऐकलीय आम्ही. तुमच्या तोंडून ऐकायची आहे."

लिंडाने मला डोळ्यांनी खूण केली, सांग.

मी सांगितली. पण सुरुवातीपासून सांगितली. डबी योलांडाने पाहिली, प्रश्न योलांडाने विचारला. तो विचारला म्हणून तिला खोलीतून काढलं. काढताना भाषेचं कारण दिलं, आणि पेशंटला इंग्रजी उत्तम येतं. पेशंटच्या तोंडून मी स्वतः ऐकलं की ती नम्रपणे बोलली होती. "तिला तिथेच ठेवून मी शेजारी उभी राहिले असते तरी डबीत काय आहे ते कळलंच असतं," मी म्हटलं. "फळ्यावरचं नाव पुसायची काहीच गरज नव्हती."

साहेबांचं हसू विरलं. एचआरच्या बाई लिहायच्या थांबल्या. "मग चार्ज नर्स म्हणून," त्यांनी विचारलं, "कुटुंबाने दुसरी नर्स मागितली तर तुम्ही काय कराल?"

"का, म्हणून विचारीन. आणि उत्तर रंगाचं असेल तर नाव पुसणार नाही. त्या नर्सबरोबर मी स्वतः आत जाईन."

लिंडा टेबलाकडे बघत होती. मग साहेब म्हणाले की वेळ दिल्याबद्दल धन्यवाद.

शुक्रवारी दुपारी लिंडाने बोलावलं. जागा मेगनला दिली होती. मेगन, जिला नोकरीला लागून अजून धड तीन हिवाळे झाले नव्हते. "तुझं काम उत्तम आहे," लिंडा म्हणाली. "पण..." मी हात वर करून तिला थांबवलं. पुढचं मला पाठ होतं. योलांडाच्या तोंडून ऐकलं होतं.

बाहेर आले तर योलांडा औषधांची ट्रॉली घेऊन लिफ्टजवळ उभी. माझ्याकडे नुसतं बघितलं. "मोकळं वाटत नाही?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने शिवी दिली. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेली पहिली.

तेवढ्यात अकरा नंबरचं दार उघडलं. काकांना घरी सोडत होते. व्हीलचेअरवर काका, मागे मेगन, बाजूला काकू पर्स छातीशी धरून. काकांचे पाय बुटात बसले होते, चेहऱ्यावर तरतरी. काकूंनी मला पाहिलं आणि लिफ्टच्या बटणाकडे वळल्या.

काकांनी मात्र हात वर करून खुर्ची थांबवली. "सिस्टर," मराठीत, हळू आवाजात, "तुमचे उपकार आहेत. आणि त्या दुसऱ्या नर्सलाही सांगा. तिचं बरोबर होतं. आमचं चुकलं."

"ती ही काय समोर उभी आहे काका," मी म्हटलं. "इंग्रजी येतं ना तुम्हाला? तुम्हीच सांगा."

काकांनी योलांडाकडे बघितलं. योलांडाने त्यांच्याकडे. काकांचे ओठ उघडले. मग त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. काकू बटण दाबतच होत्या, दिवा लागलेला असूनही. लिफ्ट आली. काकांनी हात मांडीवर ठेवले. मेगनने खुर्ची आत ढकलली आणि दार बंद झालं.

"काय म्हणाला तो?" योलांडाने विचारलं.

इतकी वर्षं मी या मजल्यावर सगळ्यांची दुभाषी झाले, न येणाऱ्या भाषांचीसुद्धा. पण हे भाषांतर माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. "तुझं बरोबर होतं म्हणाला. त्यांचं चुकलं म्हणाला."

"तुला म्हणाला?"

"हो."

"तुमच्या भाषेत."

"हो."

तिने मान हलवली. नऊ नंबरची घंटा वाजत होती. ती ट्रॉली ढकलत तिकडे गेली.